६७ शब्द, पाच मसुदे: बाल्फोर जाहीरनामा संशोधकाने कसा वाचायचा?



पीएचडीची तयारी करणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. "ज्या कागदावर शंभर वर्षं लिहिलं जातंय, त्यावर आपण आता नवीन काय लिहिणार?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचं उत्तर एका उदाहरणातून शोधू. उदाहरण मुद्दाम वादग्रस्त घेतलं आहे: २ नोव्हेंबर १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा. पहिलं महायुद्ध चालू असताना ब्रिटनने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी 'राष्ट्रीय गृह' उभारण्यास पाठिंबा दिला, हे आपण सगळ्यांनी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेलं असतं. त्या एका ओळीच्या आत काय काय दडलेलं आहे, ते पाहू.

आधी एक गोष्ट सांगतो. हा विषय निवडला की लोक पहिल्यांदा विचारतात, "तू कोणाच्या बाजूचा?" या कागदाचे परिणाम आजही माणसं भोगत आहेत, त्यामुळे प्रश्न येणारच. पण संशोधक म्हणून आपलं पहिलं काम वेगळं आहे. कागदात काय लिहिलंय, काय लिहिलेलं नाही आणि ते तसं का, हे नीट सांगणं. ते न करता घेतलेली बाजू टिकत नाही, मग ती कोणतीही असो.

कागद नेमका काय आहे?

'जाहीरनामा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिक्कामोर्तब केलेला भारदस्त दस्तऐवज येतो. प्रत्यक्षात हे एक छोटं पत्र आहे. परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी ते लॉर्ड वॉल्टर रॉथ्सचाइल्ड यांना लिहिलं आणि झायोनिस्ट फेडरेशनला कळवायला सांगितलं. ९ नोव्हेंबरला ते वर्तमानपत्रांत छापून आलं. तो करार नव्हता, तह नव्हता आणि संसदेने केलेला कायदाही नव्हता. मुख्य मजकूर एकच वाक्य आहे, मूळ इंग्रजीत ६७ शब्दांचं.

त्या वाक्याचा आशय तीन भागांत मांडता येतो. एक, पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांसाठी राष्ट्रीय गृह स्थापन होण्याकडे ब्रिटिश सरकार अनुकूलतेने पाहतं आणि त्यासाठी शक्य ते प्रयत्न करील. दोन, तिथल्या 'बिगरज्यू समाजांच्या' नागरी आणि धार्मिक हक्कांना बाध येईल असं काही केलं जाणार नाही. तीन, इतर देशांतल्या ज्यूंचे हक्क आणि राजकीय दर्जा यांनाही धक्का लागणार नाही.

आता दुसरा आणि तिसरा भाग शेजारी ठेवून पाहा. इतर देशांतल्या ज्यूंच्या बाबतीत 'राजकीय दर्जा' हे शब्द आहेत. पॅलेस्टाइनमधल्या बिगरज्यूंच्या बाबतीत फक्त 'नागरी आणि धार्मिक' हक्क आहेत, राजकीय हक्कांचा उल्लेखच नाही. शिवाय जे लोक तिथे बहुसंख्य होते त्यांचं नावही घेतलेलं नाही. ते कोण नाहीत एवढंच सांगून त्यांची ओळख करून दिली आहे. ब्रिटिशांनी १९२२ मध्ये केलेल्या जनगणनेत पॅलेस्टाइनची लोकसंख्या ७,५७,१८२ भरली आणि त्यात ज्यू ८३,७९४ होते, म्हणजे सुमारे ११ टक्के. उरलेल्या ८९ टक्क्यांना या कागदात 'बिगरज्यू समाज' म्हटलं आहे.

एवढं कळायला कोणत्याही अभिलेखागारात जावं लागत नाही. फक्त सावकाश वाचावं लागतं.

युद्ध कुठे अडकलं होतं?

दस्तऐवज वाचताना त्या आठवड्याचं कॅलेंडर समोर ठेवा. ही सवय फार उपयोगी पडते.

१९१७ हे साल दोस्त राष्ट्रांसाठी कठीण होतं. पश्चिम आघाडी खंदकांत रुतली होती. रशियात मार्चमध्ये झारची सत्ता कोसळली होती आणि नवं सरकार युद्धात किती दिवस टिकेल याची खात्री नव्हती. अमेरिका एप्रिलमध्ये युद्धात उतरली होती, पण तिचं सैन्य मोठ्या संख्येने यायला वेळ होता. शिवाय अमेरिकेने ऑटोमन साम्राज्याविरुद्ध युद्ध पुकारलंच नव्हतं. लंडनमधल्या मुत्सद्द्यांना वाटत होतं की रशिया आणि अमेरिकेतल्या ज्यूंची सहानुभूती मिळाली तर दोन्ही देशांत युद्धाला पाठिंबा वाढेल. जर्मनी आपल्याआधी असं काही जाहीर करील, ही धास्तीही होती.

दुसरी गोष्ट भूगोलाची. पॅलेस्टाइनच्या शेजारी सुएझ कालवा होता आणि सुएझ म्हणजे हिंदुस्थानचा रस्ता. फेब्रुवारी १९१५ मध्ये ऑटोमन फौजेने या कालव्यावर हल्ला केला, तेव्हा त्याच्या बचावाला भारतीय पलटणी होत्या. पुढे २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा शहर जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळांनी घेतलं. दिल्लीतलं तीन मूर्ती स्मारक या संस्थानी घोडदळांच्याच आठवणीचं आहे. तर, कालव्याच्या उत्तरेला दुसरी कोणतीही बडी सत्ता नको, मग ती मित्र असलेला फ्रान्स का असेना, हा विचार पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या मनात पक्का होता.

आता तारखा जुळवा. ३१ ऑक्टोबर १९१७ ला ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाने जाहीरनाम्याला मंजुरी दिली. त्याच दिवशी जनरल ॲलनबीच्या फौजेने बीरशेबा घेतलं. म्हणजे मंजुरी देताना जवळजवळ सगळं पॅलेस्टाइन अजून ऑटोमन सत्तेखालीच होतं. जेरुसलेम ९ डिसेंबरला पडलं. जी जमीन आपल्या ताब्यात नव्हती तिच्याबद्दल हे आश्वासन होतं. आणि ज्या रशियन ज्यूंचं मन वळवायचं होतं, त्यांच्या देशात ७ नोव्हेंबरला बोल्शेविकांनी सत्ता घेतली. जाहीरनामा छापून आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. ज्या हेतूसाठी घाई केली, त्यातला निम्मा हेतू शाई वाळायच्या आत निकामी झाला. पण कागद मात्र राहिला. युद्धकाळातल्या मुत्सद्देगिरीचं हेच वैशिष्ट्य आहे. निर्णय त्या महिन्याच्या गरजेपोटी होतात आणि शब्द पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मागे लागतात.

पाच मसुदे

खरी गंमत इथे आहे. हे वाक्य एका बैठकीत लिहिलेलं नाही. जुलै ते ऑक्टोबर १९१७ या काळात त्याचे मसुदे बदलत गेले. ढोबळ क्रम असा:

१. जुलै, झायोनिस्टांचा मसुदा. लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांनी १८ जुलैला सरकारकडे पाठवला. यात पॅलेस्टाइनची ज्यू लोकांचं राष्ट्रीय गृह म्हणून पुनर्रचना व्हावी, असं तत्त्व होतं. म्हणजे संपूर्ण पॅलेस्टाइन हेच गृह. तिथे राहणाऱ्या इतरांचा उल्लेख नाही.

२. ऑगस्ट, बाल्फोर यांचा मसुदा. जुलैच्या मसुद्याला जवळजवळ जसंच्या तसं मान्य करणारा.

३. ऑगस्टअखेर, लॉर्ड मिल्नर यांचा मसुदा. इथे पहिला मोठा बदल झाला. 'पॅलेस्टाइन हे गृह' याऐवजी 'पॅलेस्टाइनमध्ये गृह' आलं.

४. ४ ऑक्टोबर, मिल्नर आणि लिओ अमेरी यांचा मसुदा. बिगरज्यू समाजांच्या आणि इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांची दोन्ही संरक्षक कलमं इथे जोडली गेली. मात्र 'ज्यू लोक' याऐवजी 'ज्यू वंश' असा शब्द होता.

५. ३१ ऑक्टोबर, अंतिम मसुदा. 'वंश' जाऊन पुन्हा 'लोक' आले आणि भाषा थोडी घासूनपुसून घेतली गेली.

मराठीत पाहिलं तर 'पॅलेस्टाइन' आणि 'पॅलेस्टाइनमध्ये' यांत फरक फक्त एका प्रत्ययाचा आहे. पण १९२२ च्या श्वेतपत्रिकेत वसाहतमंत्री चर्चिल यांच्या खात्याने याच प्रत्ययावर बोट ठेवलं: संपूर्ण पॅलेस्टाइनचं ज्यू राष्ट्रीय गृह होईल असं आम्ही म्हटलेलं नाही, असं गृह पॅलेस्टाइनमध्ये असेल एवढंच म्हटलं आहे. पाच वर्षांपूर्वी मिल्नर यांनी केलेली दुरुस्ती सरकारला अशी कामाला आली.

आणि 'राष्ट्रीय गृह' म्हणजे काय? आंतरराष्ट्रीय कायद्यात या शब्दाला ठरलेला अर्थ नव्हता. १८९७ च्या बाझेल अधिवेशनात झायोनिस्टांनी 'राज्य' हा शब्द मुद्दाम टाळून 'गृह' असा मवाळ शब्द घेतला होता, कारण ऑटोमन सुलतानाला दुखवायचं नव्हतं. तोच मवाळपणा १९१७ मध्ये ब्रिटिशांच्या पथ्यावर पडला. ३१ ऑक्टोबरच्या बैठकीत बाल्फोर यांनी सहकाऱ्यांना सांगितलं की याचा अर्थ लगेच स्वतंत्र ज्यू राज्य असाच होतो असं नाही. ते राजकीय विकासाच्या ओघात पुढे ठरेल. म्हणजे शब्द अस्पष्ट आहे हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि तो अस्पष्ट होता म्हणूनच सगळ्यांना चालला.

दोन ओळखीची नावं

या मसुद्यांवर सगळ्यात जोरदार हरकत घेणारे दोघे जण आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतले आहेत.

पहिले एडविन माँटेग्यू. २० ऑगस्ट १९१७ ची माँटेग्यू घोषणा तुम्हाला पाठ असेल: भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती. त्यानंतर तीनच दिवसांनी, २३ ऑगस्टला, त्याच माँटेग्यूंनी बाल्फोर मसुद्याविरुद्ध मंत्रिमंडळाला एक कडक टिपण लिहिलं. ते स्वतः ज्यू होते. त्यांचं म्हणणं असं: ज्यू हा धर्म आहे, वेगळं राष्ट्र नव्हे. ज्यूंचं राष्ट्र पॅलेस्टाइन असं एकदा जाहीर केलं की प्रत्येक देशातल्या ज्यूला 'तू मूळचा इथला नाहीस, आपल्या देशात जा' असं सांगायला लोक मोकळे. त्यांनी या धोरणालाच ज्यूविरोधी ठरवलं. ४ ऑक्टोबरच्या बैठकीत त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. माझं राष्ट्रीय गृह तुर्की मुलखात आहे असं माझंच सरकार जगाला सांगणार असेल, तर हिंदुस्थानच्या लोकांशी ब्रिटिश सरकारच्या वतीने मी कोणत्या तोंडाने बोलणी करू?

त्याच महिन्यात माँटेग्यू भारताकडे निघाले. अंतिम निर्णय झाला तेव्हा ते लंडनमध्ये नव्हते. जाहीरनाम्यातलं 'इतर देशांतल्या ज्यूंचा राजकीय दर्जा' हे कलम मात्र त्यांच्यासारख्यांच्या विरोधाची खूण म्हणून शिल्लक राहिलं. 'भारतमंत्री माँटेग्यू' आणि 'बाल्फोरविरोधी माँटेग्यू' हे आपण दोन वेगळ्या पेपरांत शिकतो. माणूस एकच आहे, आठवडाही एकच आहे.

दुसरे लॉर्ड कर्झन, बंगालच्या फाळणीवाले. ऑक्टोबरअखेरच्या टिपणात त्यांनी व्यवहाराचा प्रश्न विचारला: हा देश लहान, मोठ्या वस्तीला पुरेल असा नाही, आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या पाच लाखांहून अधिक अरबांचं काय होणार? प्रश्न अचूक होता. पण ३१ ऑक्टोबरला कर्झन यांनीच प्रचाराच्या दृष्टीने जाहीरनाम्याची गरज मान्य केली आणि विरोध सोडला. प्रश्न विचारला गेला नाही असं नाही. विचारला गेला, नोंदवला गेला आणि युद्धाच्या गरजेपुढे बाजूला ठेवला गेला. 'त्या काळी कोणाच्या लक्षातच आलं नाही' असं वाक्य तुमच्या प्रबंधात लिहिण्यापूर्वी हे टिपण आठवा.

एकच प्लॉट, तीन गिऱ्हाइकं?

ब्रिटनने एकच जमीन तिघांना विकली, असं नेहमी म्हटलं जातं. ढोबळमानाने त्यात तथ्य आहे, पण तीन कागद तीन प्रकारचे आहेत हे विसरू नका.

पहिला, १९१५-१६ मधला मक्केचे शरीफ हुसेन आणि इजिप्तमधले ब्रिटिश हायकमिशनर मॅकमोहन यांचा पत्रव्यवहार. अरबांनी ऑटोमनांविरुद्ध उठाव करावा आणि बदल्यात ब्रिटनने अरब स्वातंत्र्याला पाठिंबा द्यावा, अशी ही बोलणी. दुसरा, मे १९१६ चा साइक्स-पिको करार. हा ब्रिटन आणि फ्रान्समधला गुप्त करार. यात पॅलेस्टाइनच्या बऱ्याच भागावर आंतरराष्ट्रीय प्रशासन ठरलं होतं. नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेविकांनी तो छापून टाकला, तेव्हा जगाला कळला. तिसरा, बाल्फोर यांचं उघड पत्र. एक वाटाघाटीचा पत्रव्यवहार, एक गुप्त करार, एक जाहीर आश्वासन. तिघांचं वजन वेगळं, वाचक वेगळे.

पहिल्या कागदातला एक शब्द आपल्या ओळखीचा आहे. २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात मॅकमोहन यांनी दमास्कस, होम्स, हामा आणि अलेप्पो या 'जिल्ह्यांच्या' पश्चिमेचा भाग अरब प्रदेशातून वगळला. अरबी पाठात जिल्ह्यासाठी शब्द होता 'विलायत'. होय, आपण इंग्लंडला म्हणायचो तीच विलायत. मूळ अरबी अर्थ राज्यकारभाराचा मुलूख. ऑटोमन कारभारात विलायत म्हणजे प्रांत. प्रांत असा अर्थ घेतला तर दमास्कसची विलायत दक्षिणेकडे दूरवर पसरते आणि तिच्या पश्चिमेला पॅलेस्टाइन येतं, म्हणजे ते वगळलं गेलं. ब्रिटिश सरकारची पुढची भूमिका हीच. पण होम्स आणि हामा नावाचे प्रांत अस्तित्वातच नव्हते, मग विलायत म्हणजे शहर आणि त्याचा परिसर असाच अर्थ घ्यावा लागतो आणि पॅलेस्टाइन वगळलेलं राहत नाही. हा मुद्दा जॉर्ज अँटोनियस यांनी १९३८ मध्ये ठामपणे मांडला. पुढच्याच वर्षी सरकारने हा पत्रव्यवहार अधिकृतरीत्या छापला. एका शब्दाच्या भाषांतरावर किती मोठा वाद उभा राहू शकतो, याचं हे उदाहरण भाषेच्या विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावं.

आणखी एक युक्ती सांगतो. वेगवेगळ्या फायलींत पुन्हा पुन्हा भेटणारी माणसं शोधा. मार्क साइक्स १९१६ मध्ये फ्रेंचांशी गुप्त करार करतात आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये लंडनमध्ये झायोनिस्ट नेत्यांशी बोलणी सुरू करतात. अशा माणसाच्या मागे गेलं की 'ब्रिटनचं धोरण' नावाचा एकसंध ठोकळा फुटतो आणि आतली ओढाताण दिसायला लागते.

कारण कोणतं? इतिहासकारांची भांडणं

लोकप्रिय कथा अशी: रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमान यांनी दारूगोळ्यासाठी लागणारं ॲसिटोन बनवण्याची पद्धत शोधली आणि लॉइड जॉर्ज यांनी बक्षीस म्हणून ज्यूंना राष्ट्रीय गृह दिलं. ही कथा खुद्द लॉइड जॉर्ज यांच्या युद्ध-आठवणींत आहे. पण त्या आठवणी १९३० च्या दशकात लिहिल्या गेल्या आणि वाइझमान यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात या कथेची थट्टाच केली आहे. ॲसिटोनचं काम खरं होतं. त्यामुळे वाइझमान यांची बड्या लोकांत ऊठबस वाढली, हेही खरं. पण राष्ट्रांची धोरणं बक्षीस म्हणून ठरत नाहीत. आठवणी वाचताना नेहमी विचारा: हे कधी लिहिलं आणि त्या वेळी लेखकाला काय सांगणं सोयीचं होतं?

अभ्यासकांमध्ये लिओनार्ड स्टाइन यांचा १९६१ चा ग्रंथ मोठा मानला जातो, पण तो मंत्रिमंडळाचे कागद अभ्यासकांना खुले होण्याआधीचा. कागद खुले झाल्यावर मायिर व्हेरेटे यांनी १९७० मध्ये भर दिला तो ब्रिटनच्या साम्राज्यहितावर: झायोनिस्टांनी ब्रिटनला वळवलं असं म्हणण्यापेक्षा ब्रिटनला झायोनिस्टांची गरज होती. पुढे टॉम सेगेव्ह, जेम्स रेंटन यांच्यासारख्यांनी वेगळा प्रश्न विचारला. ज्यूंच्या हाती जागतिक सत्तेच्या किल्ल्या आहेत, हा ब्रिटिश मुत्सद्द्यांचा समज आला कुठून? तो समज वास्तवाला धरून नव्हता. त्यात जुना ज्यूविरोधी पूर्वग्रहच उलट्या बाजूने काम करत होता. पूर्वग्रहातून पाठिंबाही जन्मू शकतो, हे इथे दिसतं.

कागद तेच. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

१९१७ ते १९४८: सरळ रेष ओढू नका

इस्रायल १४ मे १९४८ ला स्थापन झालं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून १९१७ मध्येच ते ठरलं होतं असं वाटायला लागतं. या मोहापासून सांभाळा. मधल्या पायऱ्या पाहा. एप्रिल १९२० ची सान रेमो परिषद. जुलै १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने मंजूर केलेला पॅलेस्टाइनचा मँडेट. त्यात जाहीरनामा समाविष्ट झाला आणि एका पत्राला आंतरराष्ट्रीय कायद्याचं बळ मिळालं. १९३६ नंतरचा अरब उठाव. १९३७ ची पील आयोगाची फाळणीची शिफारस. १९३९ ची श्वेतपत्रिका, जिने पाच वर्षांत ७५,००० ज्यूंनाच प्रवेश अशी मर्यादा घातली, तीही युरोपातल्या ज्यूंना आसऱ्याची सर्वाधिक गरज असताना. मग नाझींनी केलेला सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार. २९ नोव्हेंबर १९४७ चा संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा ठराव: बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०, भारताचं मत विरोधात. त्यानंतरचं युद्ध आणि सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी अरबांचं निर्वासित होणं.

यातल्या प्रत्येक पायरीवर वाट वेगळी वळू शकत होती. १९१७ ने दार उघडलं. त्यातून कोण, कधी, किती किंमत देऊन गेलं, ते पुढच्या तीस वर्षांत ठरलं.

तुमच्या प्रस्तावासाठी

विषय कोणताही असो, तह, ठराव, शासन निर्णय किंवा संस्थेची घटना, चार गोष्टी करून पाहा.

अंतिम मजकुरावर समाधान मानू नका, मसुदे शोधा. ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या बैठकींची इतिवृत्तं 'कॅब २३' आणि सदस्यांची टिपणं 'कॅब २४' या मालिकांत मिळतात. आपल्याकडच्या विषयांनाही अशी खात्यांची दप्तरं असतातच. दुसरं, कोणता शब्द आला आणि कोणता गळला याचा तक्ता करा. प्रत्येक बदलासमोर तो कोणाच्या आग्रहाने झाला ते लिहा. तिसरं, हरलेल्या बाजूची टिपणं वाचा. निर्णय घेणाऱ्यांना काय माहीत होतं, ते बहुतेक वेळा विरोधकांच्या कागदांतच सापडतं. चौथं, कागदात ज्यांच्याबद्दल लिहिलंय पण ज्यांना विचारलेलं नाही, अशा लोकांची यादी करा. बाल्फोरच्या बाबतीत ती यादी सगळ्यात लांब आहे.

सराव म्हणून तुमच्या विषयातला एकच कायदा किंवा करार घ्या आणि त्यातलं सर्वांत निरुपद्रवी दिसणारं विशेषण शोधा. ते तिथे कोणी, कधी आणि कशासाठी घातलं, एवढं एका पानात लिहा. संशोधन प्रस्तावाचं पहिलं पान बहुधा तेच असेल.